बँकेचा पत्ता आठ अक्षरांत : स्विफ्ट कोड वाचायला शिकू या

(वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यासाठी)

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात दाखल्यांसाठी रांग लागते. हल्ली त्या रांगेत परदेशी विद्यापीठाला पाठवण्यासाठी गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत मागणारे विद्यार्थीही असतात. प्रवेश मिळाला की पुढचे काम पालकांकडे येते, ते म्हणजे फी भरणे. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म हाती पडतो आणि त्यात एक चौकट असते, ‘लाभार्थीच्या बँकेचा स्विफ्ट कोड’. बहुतेक पालक विद्यापीठाच्या पत्रातून ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतात. उतरवून घेण्यात गैर काही नाही, पण तीच अक्षरे वाचता आली तर चूक पैसे निघण्यापूर्वी सापडते. पैसे निघून गेल्यावर सापडलेली चूक दुरुस्त व्हायला कित्येकदा आठवडे लागतात, आणि प्रवेशाची शेवटची तारीख आपल्यासाठी थांबत नाही.

एक सूचना आधीच करतो. ह्या लेखात कोडची अक्षरे देवनागरीत उच्चाराप्रमाणे छापली आहेत. फॉर्मवर ती नेहमी रोमन मोठ्या लिपीत लिहावीत. वाचताना वहीच्या कडेला रोमन अक्षरे लिहून घेतलीत तर पाठ अधिक सोपा जाईल.

हुंडीपासून सुरुवात

वडोदऱ्याच्या मुलांना हा विषय शिकवताना मी बेल्जियमपासून सुरुवात करीत नाही, मांडवीपासून करतो. गायकवाडी राज्यात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांसारख्या सावकारांच्या मोठ्या पेढ्या होत्या. त्या काळी पुण्याला किंवा सुरतेला रक्कम पोहोचवायची असली तर रुपयांच्या थैल्या बैलगाडीत घालून पाठवणे जोखमीचे होते. म्हणून पेढीवर रुपये भरायचे, हुंडी घ्यायची आणि ती पुढे पाठवायची. तिकडचा सावकार हुंडीवरची सही व खूण ओळखून आपल्याजवळचे रुपये देई. दोन्ही सावकारांचे एकमेकांकडे खाते असे आणि त्यात हा जमाखर्च नोंदला जाई. प्रवास कागदाचा होई. रुपये जागच्या जागीच राहत.

आजचे परदेशी ‘वायर ट्रान्सफर’ ह्याच तत्त्वावर चालते. हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे सगळे सोपे आहे. बँका एकमेकींना पैसे पाठवत नाहीत, निरोप पाठवतात. तो निरोप नेमक्या कोणत्या बँकेला द्यायचा, ते सांगणारी अक्षरे म्हणजे स्विफ्ट कोड.

पूर्वी हे निरोप टेलेक्सवर जात. निरोप खरा आहे की कोणी मधेच घुसवला, हे ठरवण्यासाठी दोन्ही बँकांकडे आकड्यांचे गुप्त तक्ते असत. तारीख, चलन, रक्कम यांना तक्त्यातले आकडे लावून बेरीज करायची आणि ती बेरीज संदेशाच्या सुरुवातीला लिहायची. पलीकडचा अधिकारी तीच बेरीज करून ताळा घेई. काम सावकाश होई आणि मजकूर मोकळ्या इंग्रजीत असल्याने अर्थाचे घोटाळेही होत. १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी मिळून ब्रुसेल्स येथे एक सहकारी संस्था काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘स्विफ्ट’. १९७७ पासून तिचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांवर संस्था तिच्या जाळ्यात आहेत. लक्षात ठेवा, स्विफ्ट ही बँक नाही. तिच्याकडे कोणाचे खाते नसते आणि ती कोणाचे पैसे सांभाळत नाही. ते निरोप्याचे काम आहे, फार मोठ्या विश्वासाचे.

अक्षरे उलगडू या

आपल्याच गावात जन्मलेल्या बँकेचे उदाहरण घेऊ. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाचा कोड असा आहे :

बी ए आर बी – आय एन – बी बी

पहिली चार अक्षरे बँकेची. पुढची दोन देशाची, आय एन म्हणजे भारत. त्यापुढची दोन ठिकाणाची. बहुतेक भारतीय बँकांच्या कोडमध्ये ह्या जागी बी बी हीच जोडी दिसते. येथे आठ अक्षरे पूर्ण झाली. एखाद्या विशिष्ट शाखेचा उल्लेख करायचा असेल तर आणखी तीन चिन्हे जोडतात आणि कोड अकरा चिन्हांचा होतो. शाखा नमूद करायची नसेल तर ती तीन चिन्हे गाळतात किंवा त्या जागी तीनदा एक्स लिहितात. दोन्हीचा अर्थ एकच. त्यामुळे एका पत्रात आठ अक्षरे आणि दुसऱ्या पत्रात तीच आठ अक्षरे व पुढे तीन एक्स दिसले, तर गोंधळून जाऊ नये.

आता जर्मनीतला कोड वाचा : डी ई यू टी – डी ई – एफ एफ. डॉइच बँक, जर्मनी, फ्रँकफुर्ट. किती सरळ! पण सगळेच इतके सरळ नसतात. स्टुटगार्टच्या एका मोठ्या सरकारी बँकेचा कोड एस ओ एल ए – डी ई – एस टी – ६०० असा आहे. पहिल्या चार अक्षरांवरून बँकेच्या आजच्या नावाचा काहीच पत्ता लागत नाही. आपल्याकडेही बँक ऑफ इंडियाची चार अक्षरे बी के आय डी आहेत. बँका एकमेकींत विलीन होतात, नावे बदलतात, कोड मात्र बरेचदा जुनाच चालू राहतो. म्हणून पहिली चार अक्षरे अंदाजाने कधीही लिहू नयेत, ती पाहूनच लिहावीत. पाचवे आणि सहावे अक्षर मात्र कोणत्याही बँकेचे असो, देशच सांगते. ही दोन अक्षरे पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहेत.

परीक्षेच्या दृष्टीने एवढे ध्यानात असू द्या की ह्या कोडचे औपचारिक नाव ‘बीआयसी’, म्हणजे व्यवसाय ओळख कोड, असे आहे. तो आयएसओ ९३६२ ह्या मानकाप्रमाणे ठरतो. युरोपातल्या पत्रांत ‘स्विफ्ट’ हा शब्द नसून ‘बीआयसी’ लिहिलेले असेल तर ती दुसरी कसलीही मागणी नव्हे.

आयएफएससी म्हणजे स्विफ्ट नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो. चेकबुकावर छापलेला आयएफएससी अकरा चिन्हांचा, स्विफ्ट कोडही कित्येकदा अकरा चिन्हांचा. स्टेट बँकेच्या दोन्ही कोडची पहिली चार अक्षरेही एकच आहेत, एस बी आय एन. मग माणूस चुकणारच.

ओळखायची खूण सोपी आहे. पाचवे चिन्ह पाहावे. आयएफएससीत पाचव्या जागी नेहमी शून्य असते आणि पुढची सहा चिन्हे शाखेची असतात. स्विफ्ट कोडमध्ये पाचव्या जागी देशाचे अक्षर असते, शून्य कधीच नसतो. आयएफएससी हा देशातल्या देशातला पत्ता आहे. एनईएफटी, आरटीजीएससाठी तो लागतो, फ्रँकफुर्टच्या यंत्राला मात्र त्याचा अर्थ कळत नाही. चेकच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक तर निव्वळ चेकच्या वटणावळीसाठी आहे. त्यातले पहिले तीन अंक शहराचे असतात आणि ते पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांशी जुळतात. वडोदऱ्याच्या चेकवर ३९० पाहून खात्री करा.

इतर देशांचेही असे घरगुती पत्ते आहेत. अमेरिकेत नऊ अंकी ‘राउटिंग नंबर’, इंग्लंडात सहा अंकी ‘सॉर्ट कोड’, ऑस्ट्रेलियात सहा अंकी ‘बीएसबी’. अमेरिकेतला मुलगा वडिलांना फोन करून विचारतो, “बाबा, तुमच्या बँकेचा राउटिंग नंबर काय?” बाबा बँकेत जाऊन विचारतात आणि बँकेतला कारकून बुचकळ्यात पडतो. भारतीय बँकेला राउटिंग नंबर नसतो. मुलाला स्विफ्ट कोड, खाते क्रमांक, खात्यावरील पूर्ण नाव आणि शाखेचा आयएफएससी एवढे कळवावे.

युरोपात आणि आखाती देशांत ह्याखेरीज ‘आयबान’ लागतो. हा बँकेचा नव्हे, खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. जर्मनीचा आयबान २२ चिन्हांचा असतो, संयुक्त अरब अमिरातीचा २३. जर्मन आयबानमध्ये देशाची दोन अक्षरे, ताळ्याचे दोन अंक, मग आठ अंक बँकेचे आणि दहा अंक खात्याचे अशी रचना असते. भारतात आयबान नाही. अमेरिका व कॅनडातही नाही. परदेशातील कोणी तुमचा आयबान मागितला तर ‘आमच्या देशात ही पद्धत नाही’ असे निःसंकोच कळवावे. मनाने खाते क्रमांकापुढे दोन अक्षरे जोडून काहीतरी तयार करू नये.

ताळा कोठे आहे, कोठे नाही

गणिताची आवड असलेल्या मुलांनी हा भाग जरूर करून पाहावा. अमेरिकेच्या राउटिंग नंबरात एक ताळा दडलेला आहे. नऊ अंकांना क्रमाने ३, ७, १, ३, ७, १, ३, ७, १ यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचा क्रमांक ०२१००००२१ आहे. शून्ये सोडून देऊ. २ × ७ = १४, १ × १ = १, पुन्हा २ × ७ = १४, १ × १ = १. एकूण ३०. ताळा जमला. आता पहिल्या २ ऐवजी चुकून ३ लिहिला तर बेरीज ३७ होते आणि यंत्र क्रमांक नाकारते. २ आणि १ यांची अदलाबदल झाली, म्हणजे ०१२००००२१ असे लिहिले, तर बेरीज २४. तीही पकडली जाते.

आयबानचा ताळा याहून कडक आहे. तेथे अक्षरांचे अंक करून तयार झालेल्या प्रचंड संख्येला ९७ ने भागतात आणि बाकी १ यावी लागते. त्यामुळे आयबानमध्ये एखादा अंक चुकला तर बहुधा पैसे निघतच नाहीत, बँकेचा संगणकच अडवतो.

स्विफ्ट कोडमध्ये मात्र असा ताळा मुळीच नाही. एक अक्षर चुकले आणि योगायोगाने त्या अक्षरांची दुसरी बँक अस्तित्वात असली, तर निरोप बिनबोभाट तिकडे जाईल. तशी बँक नसली तर संगणक अडवेल, पण ते आपले नशीब. भारतीय खाते क्रमांकांनाही सर्व बँकांना लागू असा एकच ताळा नाही. त्यातच रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांना मुभा दिली की इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल. म्हणजे नाव ‘जोशी’ आणि क्रमांक भलत्याचा, तर पैसे भलत्याच्या खात्यात पडू शकतात. देशांतर्गत आरटीजीएस व एनईएफटीसाठी २०२५ पासून खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय झाली, ही चांगली गोष्ट झाली. परदेशी व्यवहारात मात्र आपल्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पत्राशी ताडून पाहावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर हे काम त्याला द्यावे. मुले मोठ्यांपेक्षा बारकाईने वाचतात, असा माझा अनुभव आहे.

पंधराशे युरोंची गोष्ट

समजा, रावपुऱ्यातल्या एका मुलीला जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात प्रवेश मिळाला. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेथे २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो फी द्यावी लागते. वडील वडोदऱ्यातील आपल्या शाखेत जातात, ए-२ फॉर्म भरतात, पॅन देतात. ‘कशासाठी’ ह्या रकान्यात शिक्षणाचा कोड एस ०३०५ लिहितात. त्यांच्या बचत खात्यातून तितक्या युरोंचे रुपये वजा होतात. आता पुढे काय होते?

रुपये वडोदरा सोडत नाहीत. भारतीय बँकेने फ्रँकफुर्टच्या एखाद्या बँकेत आधीच युरोंचे खाते उघडून ठेवलेले असते. आपल्या दृष्टीने त्याला ‘नोस्ट्रो’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्याकडचे आमचे खाते’. तेच खाते फ्रँकफुर्टवाले ‘व्होस्ट्रो’ म्हणतात, ‘आमच्याकडचे तुमचे’. आपली बँक फ्रँकफुर्टला निरोप पाठवते : आमच्या खात्यातून १,५०० युरो वजा करा आणि अमुक कोडच्या बँकेतील अमुक आयबानवर विद्यापीठाच्या नावे जमा करा. फ्रँकफुर्टची बँक तिथल्या देशी व्यवस्थेतून ते स्टुटगार्टला देते. म्हणजे युरो मुळात जर्मनीतच होते, ते जर्मनीतच राहिले. हरिभक्तींच्या मुनीमजींना ही नोंद पाहून काहीच नवल वाटले नसते.

मधली फ्रँकफुर्टची बँक म्हणजे ‘करस्पॉन्डंट’ अथवा ‘इंटरमिजिअरी’ बँक. फॉर्मवर तिच्या कोडसाठी वेगळी चौकट असते. विद्यापीठाने मधली बँक कळवली नसेल तर ती चौकट रिकामी सोडावी, आपली बँक तिचा मार्ग स्वतः ठरवते. तेथे विद्यापीठाच्याच बँकेचा कोड दुसऱ्यांदा लिहिण्याची गरज नाही.

ही मधली बँक फुकट काम करीत नाही, आणि नेमके येथे अनेकांचे अडते. फॉर्मवर खर्चाचे तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याचा आणि ‘शा’ म्हणजे दोघांत वाटून. घाईत ‘शा’वर खूण केली आणि वाटेत २० युरो कापले गेले, तर विद्यापीठाला १,४८० मिळतात. त्यांच्या संगणकाच्या लेखी फी भरलेली नसते. फीसाठी म्हणून ‘अवर’ निवडावे. थोडे जास्त पडतात, पण रक्कम पूर्ण पोहोचण्याची खात्री वाढते. संदेशाच्या मजकुरात विद्यार्थ्याचा अर्ज क्रमांक लिहायला विसरू नये. पैसे वडिलांच्या नावाने निघतात, आणि मुलीचे आडनाव व क्रमांक नसेल तर विद्यापीठाच्या लेखापालाने ते कोणाच्या नावे टाकावेत?

पैसे पाठवल्यावर बँकेकडून संदेशाची प्रत मागून घ्यावी. बँकेतील जुनी मंडळी अजूनही तिला ‘एमटी १०३ ची प्रत’ म्हणतात. हा अनेक दशके चाललेला नमुना परदेशी व्यवहारांत नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे पडून त्याची जागा ‘पॅक्स ००८’ ह्या नव्या नमुन्याने घेतली. नाव कोणतेही असो, त्यावर यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा एक क्रमांक असतो. कुरिअरच्या पावतीसारखा त्याचा उपयोग होतो. पैसे वाटेत कोठे थांबले आहेत ते बँकेला त्यावरून शोधता येते.

रकमेची मर्यादा एका वाक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती. त्यावरचा टीसीएस हा कर मात्र अर्थसंकल्पागणिक बदलतो, त्याचा दर त्या-त्या वर्षी बँकेतच विचारावा.

निरोप खोटा असला तर?

हुंडीवरची सही खोटी निघाली तर पेढी बुडे. येथेही तेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, संगणकात शिरून तिच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ निरोप पाठवले. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची होती. त्यातील पाच निरोप पार पडले आणि १० कोटी १० लाख डॉलर निघून गेले. पैकी ८ कोटी १० लाख फिलिपाइन्समध्ये गेले. उरलेले दोन कोटी श्रीलंकेच्या एका संस्थेच्या नावे निघाले होते, पण संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’ ऐवजी ‘फॅन्डेशन’ असे लिहिले होते. मधल्या बँकेतील कोणाला तरी ते खटकले, चौकशी झाली आणि ते दोन कोटी वाचले. शुद्धलेखनाला गुण कशाला, असे विचारणाऱ्या मुलांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

मुंबईतही २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण उघडकीस आले. एका शाखेतून हमीचे निरोप स्विफ्टवरून बाहेर जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य खतावणीत होत नव्हती. निरोप एकीकडे आणि खतावणी दुसरीकडे, असे वर्षानुवर्षे चालले. रिझर्व्ह बँकेने मग त्याच वर्षी सर्व बँकांना दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी मुदत घालून दिली.

सामान्य कुटुंबाला भीती असते ती वेगळ्या चोरीची. विद्यापीठाच्या नावाने ई-मेल येते : ‘आमचे खाते बदलले आहे, फी नव्या खात्यात भरा.’ पत्रावर बोधचिन्ह असते, भाषा सफाईदार असते, मुलीचे नावही बरोबर असते. अशा वेळी ते पाचवे-सहावे अक्षर वाचावे. विद्यापीठ जर्मनीत आणि नव्या कोडमध्ये देशाची अक्षरे भलत्याच देशाची असतील, किंवा कोडमधला देश एक आणि आयबानच्या सुरुवातीचा देश दुसरा असेल, तर तेथेच थांबावे. क्वचित एखादे विद्यापीठ दुसऱ्या देशातील कंपनीमार्फत फी गोळा करते, त्यामुळे अक्षरे जुळली नाहीत म्हणजे लबाडीच, असे नाही. आणि जुळली म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. पण खाते बदलल्याचे कळताच विद्यापीठाच्या मूळ प्रवेशपत्रावरील क्रमांकावर फोन करून विचारावे. ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये, तेथे उचलणारा तोच लबाड असणार. ह्या एका बाबतीत मी संकोच न करता म्हणेन की फोन केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये, मग तारीख उलटली तरी चालेल. तारखेची मुदत विनंती करून मिळू शकते.

देशाच्या अक्षरांचे आणखी एक महत्त्व आहे. १२ मार्च २०२२ पासून युरोपीय संघाच्या निर्णयानुसार रशियाच्या सात बँकांना स्विफ्टच्या जाळ्यातून वगळण्यात आले. त्यानंतर रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना घरून पैसे पाठवणे अवघड होऊन बसले. परदेशी प्रवेश घेण्यापूर्वी त्या देशाकडे पैसे कोणत्या मार्गाने जातात, हे बँकेत विचारून ठेवावे.

पैसे येताना

आपल्या समाजातील कितीतरी घरांत दुबई-मस्कत किंवा अमेरिकेहून पैसे येतात. त्या मंडळींसाठी दोनच गोष्टी. प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. विदेशी चलनाचे काम करणाऱ्या शाखेचा कोड द्यावा लागतो आणि तो आपल्या शाखेतच लिहून घ्यावा. जुन्या पतपेढ्यांत आणि बऱ्याच छोट्या सहकारी बँकांत आपल्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची खाती आहेत, पण त्यांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. तेथे परदेशातून थेट रक्कम येत नाही, मोठ्या बँकेत खाते ठेवावे लागते. दुसरे म्हणजे, घरखर्चासाठी आलेल्या पैशांचा कोड पी १३०१ आहे. बँकेने विचारल्यास तोच सांगावा आणि रक्कम जमा झाल्याची सूचना जपून ठेवावी.

विश्वस्त मंडळींसाठी

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे झाले की परदेशातील एखादा उत्साहाने विचारतो, “शाळेच्या खात्याचा स्विफ्ट कोड कळवा, लगेच देणगी पाठवतो.” कोड कळवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : आपला पासपोर्ट कोणत्या देशाचा?

तो भारतीय नागरिक असेल, परदेशात नोकरी करीत असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने रक्कम पाठवत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी अंशदान नव्हे. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवावी. त्याने अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले असेल तर, ओसीआय कार्ड असले आणि तो आपल्याच दांडिया बाजारात वाढलेला असला तरी, त्याची देणगी परदेशी अंशदान ठरते. मग २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खास ह्यासाठी उघडलेल्या खात्यातच प्रथम यावी लागते. त्या शाखेचा कोड एस बी आय एन – आय एन – बी बी – १०४ आहे. शेवटची तीन चिन्हे शाखेची असतात, हे वर शिकलोच. नोंदणी नसताना शाळेच्या साध्या बचत खात्यात अशी रक्कम जमा झाली तर तो कायदेभंग होतो, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. शाळेच्या पावतीपुस्तकात ‘दात्याचे नागरिकत्व’ असा एक रकाना वाढवावा, अशी माझी सूचना आहे. छपाईचा खर्च काहीच नाही.

स्वाध्याय

१. घरातील पासबुकावरून आपल्या शाखेचा आयएफएससी लिहा. त्याच बँकेचा स्विफ्ट कोड शोधून शेजारी लिहा आणि पाचव्या चिन्हाभोवती वर्तुळ काढा.

२. एस बी आय एन ० ०००६९१ आणि एस बी आय एन आय एन बी बी १०४ यांपैकी जर्मनीतील मावशीला कोणता कळवाल, दिल्लीतील काकांना कोणता? कारण द्या.

३. राउटिंग नंबरात शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आणि त्या दोन अंकांत नेमका ५ चा फरक असला (उदा. २ आणि ७), तर ३-७-१ चा ताळा ती चूक पकडत नाही. का, ते गुणाकार करून दाखवा. (इयत्ता ९ वीच्या मुलांनीही प्रयत्न करावा.)

४. आजी-आजोबांपैकी कोणी मनीऑर्डर, टेलिग्राफिक ट्रान्सफर किंवा हुंडीने पैसे पाठवले असतील, तर ते कसे, हे विचारून दहा ओळी लिहा. जुनी पावती असल्यास तिची छायाप्रत जोडा. मूळ पावती आणू नये.